हिरव्या दोऱ्याचं होल्स्टर

माझा थोरला भाऊ व्हर्लिन माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचा, आधी कमरेकडे. दुकानात कुणी पाऊल टाकलं की काउंटरमागून मान वाकडी करून म्हणायचा, "दिवसभर ट्रकमध्ये बसता ना? मग पिस्तूल मागच्या बाजूला लावू नका, पाठ कामातून जाईल." समोरचा थक्क व्हायचा. मी कोपऱ्यात टाके घालत बसलेली असायचे, मला त्याचं काही वाटायचं नाही. एकोणीस वर्षं तेच ऐकत होते.

दुकान म्हणजे आमच्या घरामागचं गॅरेज. त्या वेळी आमच्याकडे, मिसुरीच्या या डोंगराळ कोपऱ्यात, पिस्तूल कपड्याखाली लपवून बाळगायचा परवाना हवा असला की आठ तासांचा वर्ग करावा लागायचा. बेकर्स फोर्क गावात तो वर्ग व्हर्लिन घ्यायचा, शनिवारी, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये. त्याच्या सहीचा दाखला घेऊन शेरीफच्या, म्हणजे इथल्या पोलीसप्रमुखाच्या, कचेरीत जायचं. बाकीचे दिवस तो कातडं भिजवून, निळ्या प्लास्टिकच्या नकली पिस्तुलावर दाबून होल्स्टरला, म्हणजे पिस्तूल कमरेला लावायच्या म्यानाला, आकार द्यायचा. शिवण माझी. माझा टाका सरळ येतो, हे मी माझ्या तोंडानं सांगते, कारण व्हर्लिननं ते कधी सांगितलं नाही.

दाराशी एक मोठं खोकं होतं, त्याला आम्ही चुकांचं खोकं म्हणायचो. आमच्याकडचा प्रत्येक माणूस मनासारखं होल्स्टर मिळायच्या आधी चारपाच भलतीच विकत घेतो. कुणाचं टोचतं, कुणाचं शर्टाखालून दिसतं, कुणाचं बसलं की वर येतं. ती सगळी त्या खोक्यात येऊन पडायची. नवीन माणूस आला की व्हर्लिन त्याला त्यातलंच एक लावायला द्यायचा, आणि रिकाम्या पिस्तुलासह अर्धा तास नाचवायचा. "खुर्चीत बसा. आता खाली पडलेली किल्ली उचला. आता मोटारीचा पट्टा लावा. कुठे टोचतं? पोटात? पोट कमी करा नाहीतर कोन बदला." लोक हसायचे, पण ऐकायचे. पिस्तुलाचा चाप पूर्ण झाकला गेला पाहिजे, पट्टा जाड पाहिजे, दोन आठवडे घरात रिकामं लावून फिरलं पाहिजे, तोवर बाहेर न्यायचं नाही. पिस्तूल काढायला घाई लागू शकते, परत घालायला कधीच लागत नाही, तेव्हा बघून, हळू घाला. हे तो इतक्या वेळा बोलला असेल की मी शिवता शिवता ओठ हलवायचे.

वर्गातला त्याचा सगळ्यात गाजलेला भाग म्हणजे संडासाचा. गडी गंभीर चेहऱ्यानं उभा राहायचा आणि म्हणायचा, "पँट गुडघ्याशी येईल, येऊ दे. पिस्तूल होल्स्टरमध्ये, होल्स्टर पट्ट्यावर, पट्टा पँटीत. सगळं गुडघ्याशी. हुकावर नाही, फ्लशच्या टाकीवर नाही, आणि कागदाच्या डब्यावर तर नाहीच नाही. अंगावरून उतरलं की डोक्यातून उतरलं." हॉल हसून लोळायचा. तो मात्र हसायचा नाही. म्हणायचा, "हसा. तुमच्यानंतर आत कोण जाईल, ते तुम्हाला माहीत नसतं."

आर्डिथ कॉइल त्याच्या वर्गाला आली ती बहात्तराव्या वर्षी. गावच्या पोस्टाच्या खिडकीत एकतीस वर्षं बसलेली बाई. या गावात कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा मुलगा तुरुंगातून पत्र लिहितो, हे तिला सगळ्यांच्या आधी कळायचं आणि तिच्या तोंडून कुणालाच कळायचं नाही. एक पाकीट कधी इकडचं तिकडे झालं नाही. नवरा गेल्यावर ती गावापासून अकरा मैलांवर, कच्च्या रस्त्याच्या टोकाला एकटीच राहायची. एका रविवारी ती चर्चमध्ये असताना कुणीतरी मागचं दार फोडून आत शिरलं. नेलं काहीच नाही विशेष, पण तिच्या पलंगावर कुणीतरी बसून गेलं होतं. तेवढं तिला पुरलं.

तिनं पिस्तूल घेतलं आणि ते पर्समध्ये घालून वर्गाला आली. व्हर्लिनला पर्सचं नाव काढलं तरी राग. दुपारी सगळे सँडविच खायला उठले, आर्डिथबाई पर्स खुर्चीवर ठेवून कॉफी आणायला गेल्या. व्हर्लिननं ती पर्स उचलली, पुढच्या टेबलावर नेऊन ठेवली, आणि सगळे परत येऊन बसल्यावर म्हणाला, "हे पिस्तूल कुणाचं आहे? मला तर वाटतं, आता माझं आहे."

बाई लाल झाल्या. "माझं आहे, व्हर्लिन. रिकामं आहे."

"ते तुम्हाला माहीत. ज्यानं उचललं त्याला माहीत नाही." मग म्हणाला, "आज तुम्हाला दाखला देत नाही. पुढच्या महिन्यात परत या."

सतरा माणसं बसली होती. गावात संध्याकाळपर्यंत सगळीकडे झालं. घरी आल्यावर मी त्याला म्हटलं, "एकटीला बाजूला घेऊन सांगता आलं नसतं का रे तुला?"

"एकटीला सांगितलं तर एकटी शिकेल. सगळ्यांसमोर सांगितलं तर सतरा शिकतील."

आणि खरं सांगायचं तर तो बरोबर होता. फक्त त्याच्या खरेपणात दुसऱ्याच्या मनाचा विचार नसायचा.

पण आर्डिथबाई रुसून बसणाऱ्यातल्या नव्हत्या. सोमवारी सकाळी दुकानात हजर. "पर्स चुकली. मग कुठे लावू, ते सांग," म्हणाल्या. व्हर्लिननं त्यांना खोक्यातली नऊ होल्स्टरं लावून दाखवली. बोटं संधिवातानं वाकलेली, त्यामुळे उंच बसणारं काही चालेना. शेवटी त्यानं त्यांच्या पट्ट्याच्या स्कर्टसाठी, जरा पुढे झुकलेलं, वेगळंच बेतलं. त्यावर तीन दिवस खपला. हेही त्याच्याच खात्यावर टाकते, कारण ज्या माणसाबद्दल सांगायचं त्याचं चांगलं चोरून ठेवू नये.

शिवायला बसले तर तपकिरी दोरा संपलेला. आर्डिथबाई शेजारीच स्टुलावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "हिरवा आहे की तो. हिरव्यानं शीव. कुणाला दिसणार आहे?"

त्याच दुपारी मी आणखी एक होल्स्टर हिरव्या दोऱ्यानं शिवलं. ते व्हर्लिनचं. त्याच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन तीन महिने झाले होते, जाड पट्टा बरोबर टाक्यांच्या वणावर घासायचा. त्यानं हळूच मला सांगितलं की पोलादी चिमट्याचं एक शीव, पट्टा न लावता पँटीच्या काठावर अडकवता येईल असं. आता असल्या चिमट्याला व्हर्लिन एरवी किती शिव्या द्यायचा. "एका हातानं निघतं ते होल्स्टर नव्हे, खिसा आहे," हे त्याचंच वाक्य.

"का हो मास्तर," मी म्हटलं, "आता चिमटा गोड लागायला लागला?"

"तू शीव गपचूप. खुबा बरा झाला की टाकतो त्या खोक्यात."

आर्डिथबाई हसल्या. "मी कुणाला सांगत नाही हं, व्हर्लिन."

पुढच्या महिन्यात त्यांनी वर्ग पुन्हा केला. दाराआड रिकामं पिस्तूल घेऊन रोज शंभरदा सराव केला होता म्हणे: कार्डिगन वर, मूठ पक्की, मग बाहेर. नेमबाजीत माझ्या भावानं त्यांच्या कागदाकडे बघून नुसती मान हलवली, ती त्याची शाबासकी. परवाना आला. आणि ऑक्टोबरातल्या एका रविवारी, चर्चमध्ये सगळ्यांच्या घरून आणलेल्या जेवणाचा बेत होता त्या दिवशी, त्या पहिल्यांदा पिस्तूल लावून आल्या. आमच्या पाद्रीबाबांनी परवानाधारकांना मुभा दिली होती. पार्किंगमध्ये मला गाठून, एका हातात केळ्याच्या पुडिंगचं भांडं धरून त्यांनी विचारलं, "ट्वायला, बघ ग. दिसतंय का?"

मी त्यांच्याभोवती एक फेरी मारली. कार्डिगनची कड जरा उचलून बघितली. कमरेला घट्ट, झुकाव बरोबर, माझा हिरवा टाका. "काही दिसत नाही," मी म्हटलं. लहान मुलीसारखं हसल्या त्या.

जेवण निम्मं झालं होतं. हॅम संपत आलं होतं, मक्याच्या पावासाठी बायका भांडत होत्या. हॉलच्या मागे एकच संडास आहे, बायकांना पुरुषांना मिळून. व्हर्लिन लंगडत आत गेला, बाहेर आला, परत येऊन माझ्यासमोर बसला आणि ओव्हनमध्ये भाजलेल्या फरसबीच्या भाजीला नावं ठेवू लागला. त्याच्यानंतर आर्डिथबाई आत गेल्या.

लगेच बाहेर आल्या. हातात हात पुसायचा टॉवेल, टॉवेलात काहीतरी. त्या सरळ आमच्या टेबलाच्या दिशेनं निघाल्या होत्या, मी शपथेवर सांगते, त्यांची नजर व्हर्लिनवर होती. त्याला हळूच देऊन त्या मोकळ्या झाल्या असत्या आणि या जगात कुणाला काही कळलं नसतं. पण वाटेत पाद्रीबाबांची बायको कोरिन आडवी आली, हातात चहाचा जग घेऊन. टॉवेलाचं टोक घसरलं. पिस्तुलाची मूठ दिसली, आणि कातड्यावरचा हिरवा दोरा.

"आर्डिथ," कोरिन म्हणाली, आणि तिचा आवाज काही बारीक नाही. "संडासात काढून ठेवलं होतंस? आत्ता माझी नात आत जाणार होती."

मागून कुणीतरी म्हणालं, "ही तीच ना, पर्सवाली?"

मी व्हर्लिनकडे बघितलं. त्याचा हात कमरेवर गेला, चाचपला, आणि तिथेच थांबला. चेहरा पिठासारखा झाला. सगळे त्याच्याकडेच बघत होते, कारण असल्या गोष्टीत निकाल द्यायचा तो त्यानंच. आर्डिथबाईंनीही त्याच्याकडे बघितलं. त्यांच्या कार्डिगनच्या खाली त्यांचं स्वतःचं पिस्तूल होतं, जागच्या जागी. कड दोन बोटं वर उचलली असती की झालं असतं. त्यांनी उचलली नाही. उचलली असती तर दुसरं कुणाचं, हा प्रश्न आला असता. त्या फक्त उभ्या राहिल्या आणि त्याला वेळ दिला.

माझा भाऊ उठला. लंगडत त्यांच्याजवळ गेला. हात पुढे केला आणि म्हणाला, "द्या इकडे. मी बघतो."

एवढंच. शब्दांत खोटं काही नव्हतं. पण बोलला तो त्या वर्गातल्या आवाजात, चुकलेल्या माणसाकडून पिस्तूल काढून घ्यायच्या आवाजात, आणि सगळ्या हॉलनं जे समजायचं ते समजून घेतलं. आर्डिथबाईंनी टॉवेल त्याच्या हातात दिला. कोट घेतला आणि दारातून बाहेर गेल्या. पुडिंगचं भांडं टेबलावरच राहिलं.

आणि मी? मला सगळं माहीत होतं. तो चिमटा मी बसवला होता. सकाळी त्यांची कड मीच उचलून बघितली होती. मी काट्यानं ताटातली फरसबी एका बाजूला सारत बसले. मनात म्हटलं, भाऊ आहे, त्याचं तो बोलेल, त्याच्या तोंडचं मी कशाला काढून घेऊ. दुकान डोळ्यांपुढे आलं, शेरीफ आला. असा मास्तर कोण ठेवील, हेही आलं. आता कितीही कारणं सांगते, पण त्या वेळी मला फक्त भीती वाटली होती.

परत येताना ट्रकमध्ये तो म्हणाला, "उद्या सांगतो."

"आज सांग. अजून सगळे तिथेच आहेत."

"उद्या. उद्या पाद्रीकडे जाऊन नीट सांगतो."

सोमवारी शेरीफच्या माणसांची होल्स्टरं द्यायची होती. मंगळवारी पाद्रीबाबा गावात नव्हते. बुधवारी तो आर्डिथबाईंकडे गेला, अकरा मैल, आणि तासाभरात परत आला. मी विचारलं, काय झालं. त्यानं ट्रकची चावी खुंटीला लावली. मग म्हणाला, "जाळीचं दार उघडलं नाही तिनं. आतूनच म्हणाली, व्हर्लिन, मला काय सांगतोस? मला माहीत आहे. त्यांना सांग."

"मग?"

"मग काय. सांगतो ना."

दोन आठवड्यांनी चर्चच्या समितीनं आर्डिथबाईंना पत्र पाठवलं, की कृपा करून आपण शस्त्र घरी ठेवून यावं. फार गोड भाषेत होतं म्हणे. त्या आल्याच नाहीत. किराणा दुकानाच्या रांगेत मी माझ्या कानांनी ऐकलं, "आमची पत्रं एवढी वर्षं हिनं कशी सांभाळली, देव जाणे." मी पाठ करून उभी होते. पिठाची पिशवी घेतली आणि घरी आले.

व्हर्लिननं ती गोष्ट सांगितली खरी. दर शनिवारी सांगितली. वर्गात संडासाचा भाग आला की आता तो विनोद करायचा नाही. म्हणायचा, "माझ्या ओळखीचा एक माणूस होता. सगळे नियम पाठ. एकदा चर्चच्या संडासात त्यानं होल्स्टरसकट पिस्तूल टाकीवर ठेवलं, आणि दोष दुसऱ्या कुणावर गेला." सतरा, वीस, पंचवीस अनोळखी माणसं माना हलवायची. एक माणूस, एक माणूस. एकदा चहा देताना मी म्हटलं, "त्या माणसाला नाव नाही का रे?" त्यानं कप उचलला नाही. त्या दिवसापासून त्याचं जेवण कमी झालं. दुकानात लोकांच्या कमरेकडे बघणं बंद झालं. जे मागतील ते द्यायचा.

वसंतात आर्डिथबाईंनी घर विकलं आणि नेब्रास्काला मुलीकडे गेल्या. जायच्या आदल्या दिवशी दुकानासमोर त्यांची गाडी थांबली आणि निघून गेली. मी बाहेर येईतो धूळच राहिली होती. चुकांच्या खोक्यात, सगळ्यात वर, हिरव्या दोऱ्याचं होल्स्टर होतं. कातडं अजून नव्यासारखं, बाहेर एकच दिवस नेलेलं. मी ते व्हर्लिनला दाखवलं. तो खोक्याशेजारच्या स्टुलावर बसला आणि माझा भाऊ, जो बायको गेली तेव्हाही माझ्यासमोर रडला नव्हता, तो रडला.

शेवटी बोलला. पुढच्या ऑक्टोबरात, त्याच जेवणाच्या आधी, पुढे जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगितलं, नावासकट, चिमट्यासकट. मला वाटलं होतं, लोक उठून जातील. लोकांनी काय करावं? डोळे पुसले. पाद्रीबाबांनी त्याला मिठी मारली. कोरिन म्हणाली, एवढा धीर किती माणसांत असतो. कुणी त्याला केकचा मोठा तुकडा वाढला. आर्डिथला फोन करायला हवा, असं एकही माणूस म्हणाला नाही. व्हर्लिन तो केक तसाच ठेवून बाहेर गेला आणि ट्रकमध्ये जाऊन बसला. म्हणाला, "ट्वायला, हे बरोबर नाही झालं. मला शिव्या द्यायला हव्या होत्या त्यांनी." त्या शनिवारपासून त्यानं वर्ग बंद केला.

तीन वर्षांनी तो गेला. अंत्यविधीला पाद्रीबाबा त्या कबुलीवरच दहा मिनिटं बोलले. ऐकताना माझ्या अंगाची आग झाली. घरी आले, कपाट उघडलं, तर समोर आर्डिथबाईंचं पुडिंगचं भांडं. काचेचं, निळ्या काठाचं. त्या दिवशी मीच ते धुऊन घरी आणलं होतं, नेऊन देऊ, तेवढंच बोलणं होईल म्हणून. चार वर्षं रोज त्याच्यामागची बशी काढत होते.

मी नेब्रास्काचा नंबर शोधला.

"व्हर्लिन गेला," मी म्हटलं.

"ऐकलं. वाईट वाटलं ग." आवाज तोच, पोस्टाच्या खिडकीतला.

"त्यानं चर्चमध्ये सगळं सांगितलं होतं. तुम्हाला कळलं होतं का?"

"कोरिनचं कार्ड आलं होतं ना. व्हर्लिननं केवढा धीर दाखवला, असं लिहिलं होतं." मग म्हणाल्या, "पिस्तूल सापडलं त्या दिवशी मी बाहेर गाडीत बसले होते, ट्वायला. वीस मिनिटं. चावी लावली नव्हती."

"त्याची वाट बघत?"

"नाही ग. त्याचा चेहरा मी बघितला होता, तो येणार नव्हता. तुझी. सकाळी तूच बघितलं होतंस ना माझ्या कमरेला. म्हटलं, भांडं आत राहिलंय, ट्वायला ते घेऊन बाहेर येईल, आणि येता येता आत सांगून येईल."

कपाट उघडंच होतं, निळा काठ दिसत होता.

"भांडं आहे माझ्याकडे," मी म्हटलं.

"ठेव आता," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे इथे दुसरं आहे."